झाकणभर पाणी

बाटलीचं झाकण उलटं धरायचं, त्यात पाणी ओतायचं, ते तोंडात घेऊन जरा वेळ गालांत फिरवायचं, मग गिळायचं आणि उलट्या हाताने ओठ पुसायचे. एवढं झालं की बाई झाकण घट्ट लावत म्हणायच्या, "घशापुरतं झालं. पोटाचं घरी गेल्यावर बघू."

धुळ्याहून शिरपूरच्या रस्त्याने निघालं की मध्ये एका फाट्यावर उतरायचं आणि आत थोडं चालायचं, तिथे आमची शाळा. मी नोकरीला लागले तेव्हा बाई तिथे मुरलेल्या होत्या. आम्ही बाकी सगळ्या 'मॅडम', पण 'बाई' म्हटलं की एकच. विज्ञान शिकवायच्या. मीही विज्ञानाचीच, त्यामुळे मला त्यांच्या हाताखाली दिलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचा कागद वडिलांनी काच लावून दारासमोरच्या भिंतीवर टांगला होता, म्हणजे आलेल्याला आधी तो दिसावा. तेव्हा मला कुणाच्या हाताखाली वगैरे काही पटत नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं. "या, बी.एस्सी. मॅडम," त्या म्हणाल्या, "डब्यात काय आणलंय ते आधी दाखवा, डिग्री मग बघू."

माझ्या डब्यात मैद्याची बिस्किटं आणि पाव-जाम होता. शहरातल्या मैत्रिणींचं बघून मी तेच सुधारलेलं समजत होते. बाईंनी डबा बंद करून माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचा उघडला. कळण्याची भाकरी, म्हणजे आमच्याकडची ज्वारी-उडदाची काळपट भाकरी, पोकळ्याची पालेभाजी, ठेचा, कच्चा कांदा. "मैदा पोटात गेला ना," त्या म्हणाल्या, "की लग्नात रुसलेल्या मामासारखा बसून राहतो. दहा जणांनी समजूत काढल्याशिवाय उठत नाही. भाकरी बघ. आली, जेवली, चालली."

पेरूच्या दिवसांत त्या पोरींसाठी पेरू आणायच्या. कुणी साल काढायला लागली की हातावर चापट. एकदा एक पोरगी कुरकुरली, बी दातात अडकते. बाई म्हणाल्या, "अडकू दे. दातात अडकलं तर काडीने निघेल. आत अडकलं तर काडी कुठून घालशील?" वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून मोठे सर बघायला आले. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. बाईंनी त्यांनाही एक पेरू दिला. "सालासकट, सर."

तुम्ही रोज एसटीने जा-ये करत असाल तर अशी एखादी बाई तुमच्या शेजारीही बसली असेल. पुढच्या वेळी तिच्या बाटलीकडे बघा. सकाळी भरून निघते आणि संध्याकाळी बहुतेक तशीच परत जाते. आमच्या खान्देशात मार्च लागला की बसचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो, तरी बाटली तशीच. मला त्यात काही नवल वाटत नव्हतं, कारण माझीही तशीच जायची. माझी आई कापूस वेचायला जायची तेव्हा निघताना पाणी पीत नसे. शेतात मुकादम, गडी, सगळे पुरुष. कापसाच्या झाडाआड माणूस कितीसं लपणार? मलाही तिने तेच शिकवलं होतं: बाहेर निघायचं असलं की तांब्याकडे बघायचं नाही. बाईंच्या आईनेही तेच शिकवलं होतं. आम्हाला वाटायचं, हे वळण आहे.

शाळेत मुलींसाठी नवी मुतारी बांधलेली होती, फरशी, टाइल्स, पक्कं छत. पण नळाची जोडणी कधी झाली नाही, आतून कडी कधी बसली नाही. खोली मात्र कोरडी आणि उंदीर न शिरणारी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि दुपारच्या खिचडीच्या तांदळाची पोती तिथे रचली गेली. वाटाणा, मटकी, तेलाचे डबेही. बाहेरून कुलूप. किल्ली मोठ्या सरांच्या खिशात. आमच्या शाळेत पोषण आहार मुतारीत होता, हे वाक्य मी आज लिहिते तेव्हा मलाच कसंतरी होतं, पण तेव्हा त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. पोरं मैदानाच्या भिंतीकडे जायची. आम्ही शिक्षिका फारच अडलं तर गावातल्या एका घरी विचारून जायचो. पण रोज कुणाच्या दारात उभं राहायचं? आणि पोरी? पोरी पाणीच प्यायच्या नाहीत.

हे आम्हाला माहीत होतं असं म्हणता येणार नाही. त्यांच्या बाटल्या घरी रिकाम्या जायच्या.

शाळेच्या फाटकाजवळ जास्वंदीची रांग होती. भर उन्हाळ्यात तिचा पाला तेल लावल्यासारखा चमकायचा. गावात गुरांना पाणी नाही आणि आमच्या फाटकाला लाल फुलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी गाडीतून उतरताच तिथे फोटो काढले. भाषणात म्हणाले, पाण्याचं नियोजन या शाळेकडून शिकावं. मोठे सर फुलले. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आपला हातपंप तर कधीचा आचके देतोय. हे पाणी घालतं कोण गं?"

उत्तर वर्गात मिळालं.

अन्नघटकांचा धडा होता. पुस्तकात आधी कर्बोदकं, मग प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं. पाणी आणि तंतुमय पदार्थ अगदी शेवटी, चार ओळींत. घाईत असलेले शिक्षक त्या ओळी घरी वाचायला सांगतात. बाई तिथूनच सुरू करायच्या. "पुस्तकाने या दोघांना मागच्या बाकावर बसवलंय," त्या म्हणायच्या. "यांच्यातून ताकद मिळत नाही, मांस वाढत नाही, म्हणून यांना मान नाही. पण हे दोघं रजेवर गेले ना, तर पुढच्या बाकावरच्या सगळ्या हुशारांची गाडी जागेवर थांबते."

त्या दिवशी त्यांनी दोन पेले मांडले आणि दोन्हींत चमचाभर इसबगोल घातलं. एका पेल्यात काठोकाठ पाणी. दुसऱ्यात नेमकं झाकणभर, आपल्याच बाटलीच्या झाकणाने मोजून. मी मागे उभी राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी पहिला पेला तिरका केला. आतलं मऊ, बुळबुळीत, सरसर घसरत आलं. "हे आतड्यातून असं जातं. कोंडा, साल, पालेभाजी, सगळं पाणी धरतं, फुगतं आणि पुढे सरकतं." मग दुसरा पेला उचलून त्यांनी सरळ आपल्या डोक्यावर उलटा धरला. वर्गाने श्वास रोखला. काही पडलं नाही. आत खळीसारखा गोळा चिकटून बसला होता. "कोंडा एकटा काही करत नाही," बाई म्हणाल्या. "नुसता कोंडा खाल्ला आणि पाणी नाही प्यायलं, तर उलटा त्रास."

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर वैशाली नावाची एक पोरगी उभी राहिली. खोडकर नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, तुम्ही बी झाकणभरच पानी पेतस. मंग तुमना पोटमा बी असाच गोया व्हस का?"

पोरी हसल्या. बाईंच्या हातात पेला तसाच उलटा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला. मला वाटलं त्या रागावतील, पण त्यांनी वेगळंच विचारलं, "आज शाळेत आल्यापासून पाणी कोण कोण प्यायलं? हात वर."

पोरांचे हात वर झाले. पोरींमधून एकही नाही.

"मग बाटल्या रिकाम्या कशा होतात?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी वैशालीच बोलली, "झाडेस्ले टाकतस, बाई. बाटली भरेल दिखनी ते माय वरडस."

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन पोरी फाटकाजवळ हात धुवायच्या आणि उरलेलं सगळं पाणी जास्वंदीला ओतून टाकायच्या. भरलेली बाटली घरी नेली तर आई ओरडते, म्हणून. साहेबांनी फोटो काढले ती फुलं या पोरींच्या घशातल्या पाण्यावर फुललेली होती.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "पोरींना कुणी शिकवलं गं हे?"

"घरी शिकवतात, बाई. मलाही—"

"घरी आई शिकवते. शाळेत मी." त्यांनी पिशवीतली बाटली काढली, झाकणाकडे बघितलं आणि परत ठेवून दिली. "रोज समोर बसून बघतात त्या. मी तोंडाने एक शिकवते, झाकणाने दुसरं."

त्या दिवशी त्यांनी मला बाकीचंही सांगितलं. कमरेत कळ यायची, लघवीला जळजळ व्हायची, ताप यायचा आणि उतरायचा. त्या दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायच्या, भाकरी वाढवायच्या. आणि भाकरी वाढवून बद्धकोष्ठ जाईना, याचं त्यांना आतून नवल वाटायचं. इतकी वर्षं धडा शिकवला, पण दुसरा पेला म्हणजे आपणच, हे त्या पोरीने विचारल्यावर कळलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. खडे होते, जुना संसर्ग होता, एका मूत्रपिंडाचं काम मंदावलं होतं. नुसत्या पाण्यामुळे असं ते म्हणाले नाहीत. वय, गोळ्या, अंगावर काढणं, सगळं मिळून, म्हणाले. पण पाणी भरपूर प्या, हे पहिलं सांगितलं.

पुढच्या सोमवारी बाई मोठी बाटली घेऊन आल्या. पहिल्या तासाला वर्गासमोर उभ्या राहून झाकण बाजूला ठेवलं आणि घटाघटा पाणी प्यायल्या. पोरी बघत राहिल्या. मग तास घेतला, फळा पुसला, आणि सुट्टी व्हायच्या आत ऑफिसात गेल्या. मी तिथे हजेरी मांडत होते. शिपाईभाऊ दारात होते.

"सर, किल्ली द्या."

"कसली?"

"पोषण आहाराच्या कोठीची."

"तांदूळ काढायचाय का?"

"नाही. लघवीला जायचंय."

मोठे सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. शिपाईभाऊ दारातून नाहीसे झाले. "अहो बाई," सर खालच्या आवाजात म्हणाले, "जरा हळू."

"हळू बोलून पाहिलं, सर. फार वर्षं पाहिलं. आता लवकर द्या."

मी हसले नाही. माझे कान तापले होते. आमच्या गावात हे वाक्य पुरुषासमोर कुठल्याच बाईने कधी मोठ्याने उच्चारलं नसेल. किल्ली मिळाली. पोतं बाजूला सरकवून, तांदळाच्या वासात, बाई आत गेल्या आणि मी दार धरून उभी राहिले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वाटाण्याने बघितलं गं सगळं."

आठवडाभरात पोती हलली. दुसरी जागा नव्हती, म्हणून ऑफिसातच आली. मोठे सर पोत्यांच्या थप्पीआड बसू लागले. भेटायला आलेला माणूस आधी तांदळाला नमस्कार करायचा. सर चिडले होते, पण वाईट माणूस नव्हते. हातपंपावरून पाण्याची टाकी भरून ठेवायला त्यांनीच शिपाईभाऊंना सांगितलं. कडी मात्र काही केल्या बसेना. सुतार येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

मग बाईच कडी झाल्या. मधल्या सुट्टीत दाराला पाठ लावून, छत्री उघडून उभ्या राहायच्या. पोरी रांगेने यायच्या, आधी लाजत, नंतर गप्पा मारत. दहावीतला एक पोरगा लांबून ओरडला, "बाई, वॉचमन झाल्या का?"

"झाले रे," बाईंनी उत्तर दिलं. "पगार तोच आहे, काम वाढलंय. तू येतोस का मदतीला, बादल्या भरायला?" तो पळाला. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन आला, हेही सांगायला हवं.

त्या उन्हाळ्यात फाटकाजवळची जास्वंद वाळली. आधी कळ्या गळाल्या, मग पानं आत वळली, मग नुसत्या काड्या उरल्या. मोठे सर हळहळले. येणारा-जाणारा म्हणायचा, काय शाळेची रया गेली. बाई रोज आत शिरताना त्या काड्यांना हात लावायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. कुणाला सांगता येण्यासारखं ते हसू नव्हतं. मी कॉलेजात पदवी घेताना व्यासपीठावर चढले होते, पण इतका अभिमान मला तेव्हाही वाटला नव्हता.

पण बाईंच्या शरीराने हिशेब आधीच मांडून ठेवला होता. पायांवर सूज यायला लागली. तोंड पांढरं पडलं. दुसरं मूत्रपिंडही दमलं होतं. आधी रजा, मग दवाखाना, मग यंत्रावर रक्त धुवायच्या फेऱ्या. त्यांच्या जागी दारावर छत्री धरून मी उभी राहू लागले.

शेवटची भेट त्यांच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरी झाली. मला सातवा महिना होता. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ भेगाळलेले. शेजारी तीच जुनी बाटली. त्यांच्या मिस्टरांनी झाकणात पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते तोंडात घेतलं, गालांत फिरवलं, फिरवलं, गिळवेनासं झाल्यासारखं फिरवत राहिल्या.

"बघ," मग त्या म्हणाल्या, "आता डॉक्टरच सांगतो, पाणी मोजून प्या. शरीराबाहेर निघत नाही म्हणे. मी झाकण आधीच शोधून ठेवलं होतं."

मी त्यांच्या हातातलं झाकण घेऊन बाटलीला लावलं.

"पालेभाजी उकळून पाणी फेकून द्या म्हणतात, तिच्यातले क्षारही आता सोसत नाहीत. पेरू तर नाहीच, साल दूरची गोष्ट." त्यांनी उलट्या हाताने ओठ पुसले. "तहान लागते गं. आयुष्यभर लागली होती, तेव्हा पिता येत होतं."

मिस्टर उठून आत गेले. स्वयंपाकघरात उगाच भांडं वाजलं. बाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग माझ्या पिशवीकडे. "तुझी बाटली?"

मी काढून दाखवली. अर्ध्याहून रिकामी होती. त्यांनी मान हलवली.

"पोरी पितात का?"

"पितात, बाई."

"जास्वंद?"

"वाळली. एक पान नाही."

"शाब्बास," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी होते, बाळ कुशीत. आईने पाण्याचा तांब्या कोनाड्यात उंच ठेवला होता. बाळंतिणीने फार पाणी प्यायलं की बाळाला सर्दी होते, असं आमच्याकडे मानतात. फोन ठेवून मी म्हटलं, "आई, तांब्या इकडे दे." ती काही बोलणार होती. माझं तोंड बघून तिने दिला. मी रडत रडत सगळा तांब्या संपवला. त्यानंतर तिने तो कोनाड्यात ठेवला नाही.

रजा संपवून शाळेत गेले तेव्हा मार्च सुरू झाला होता. फाट्यावर उतरून चालत आले. दुरून फाटकाजवळ लाल काहीतरी दिसलं. मला वाटलं, कुणाचा झेंडा असेल. जवळ आले. जास्वंद होती. काड्यांना धुमारे फुटून पुन्हा हिरवीगार झालेली, पानं चमकणारी, फुलं हाताएवढी.

शिपाईभाऊ फाटकात होते. "बघा मॅडम," ते कौतुकाने म्हणाले, "मेलेली झाडं उठली. यंदा साहेब परत फोटो काढणार."

"ऑफिसातली पोती?"

"उंदीर लागले व्हते ना. सरांनी परत तिकडं हलवली. कुलूप लावून टाकलं. तुम्हीबी नव्हत्या, दारावर उभं कोण राहणार?"

मी खाली वाकून मातीला हात लावला. ओली होती. मधली सुट्टी झाली, घंटा वाजली, आणि खिचडीच्या ताटल्या ठेवून पोरी फाटकाकडे आल्या. पुढे एक लहान पोरगी होती, यंदाच पाचवीत आलेली, बाईंना कधी न पाहिलेली. तिने हात धुतले. बाटलीचं झाकण उलटं धरलं, त्यात पाणी ओतलं, ते तोंडात घेऊन गालांत फिरवलं, गिळलं आणि उलट्या हाताने ओठ पुसले. मग बाकीची बाटली जास्वंदीच्या मुळाशी उपडी केली.

माझ्याकडे लक्ष गेल्यावर ती दचकली. "संपलं, मॅडम," ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली, माझी बाटली काढली. झाकण तिच्या हातात दिलं आणि तिच्यासमोर उभी राहून पाणी पिऊ लागले, तळ दिसेपर्यंत. ती झाकण धरून बघत होती. बाकीच्या पोरीही थांबल्या होत्या.

थोड्या वेळाने मला किल्ली लागणार होती.